लिंबाजी गुरुजींचा बर्फाचा गाभा

शाळेला नवा रंग दिला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी लिंबाजी गुरुजींनी व्हरांड्याच्या भिंतीला पाटीएवढा चौकोन खरवडला. मुख्याध्यापक डबा अर्धा टाकून, उष्ट्या हातानं धावत आले.

"गुरुजी, काय करायलाव हे? रंग वाळला पण न्हाई अजून."

"थर बघा, थर," गुरुजी म्हणाले.

मुख्याध्यापकांना इलाज नव्हता. त्यांनी थर बघितले. वर कालचा पिस्ता, त्याखाली गुलाबी, त्याखाली निळा, निळ्याखाली कुठल्याशा निवडणुकीतल्या उमेदवाराचं अर्धं नाक आणि सगळ्यात खाली चुना. गुरुजींनी सातवीची पोरं बाहेर बोलावली. "नाकाच्या वर निळा हाय. म्हंजी आधी निवडणूक झाली, मग निळा रंग आला. हे कुठं लिहून ठेवलंय का? कुठंच न्हाई. भिंतीनं सांगितलं. खालचं जुनं, वरचं नवं. पृथ्वी पण असंच सांगती."

तो चौकोन अजून आहे. तपासणीला साहेब आले की मुख्याध्यापक त्याच्यासमोर उभे राहतात आणि ते जाईपर्यंत हलत नाहीत.

परभणी-जिंतूर रस्त्यावर झरी गावाच्या पुढं आत असलेल्या या शाळेत मी मराठी शिकवतो. गुरुजी भूगोल शिकवतात आणि मला 'मराठीवाले' म्हणतात. मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी माझ्या मानेवरून बोट फिरवलं आणि उन्हात धरून पाहिलं. "खाली पावडर, वर फुफाटा, त्याच्यावर परत पावडर. वाटेत गाडी पंक्चर झाली जणू." झाली होती. परभणीहून निघताना मी पावडरचा डबा पिशवीत टाकला होता, हेही त्यांनी माझ्या मानेवरूनच वाचलं. तेव्हापासून मी त्यांच्यासमोर कॉलरचं वरचं बटण उघडत नाही.

गुरुजींचा जीव ध्रुवांवर. उत्तर ध्रुवाच्या दिशेनं त्यांची मजल जिंतूरपर्यंत गेली आहे, दक्षिण ध्रुवाच्या दिशेनं गंगाखेडपर्यंत. बर्फ त्यांनी पाहिला तो गारांचा आणि गोळ्याचा. पण बोलायला लागले की वाटावं, हा माणूस गेल्या आठवड्यात अंटार्क्टिकाला जाऊन आला आणि पाय धुऊन शाळेत बसला. "अंटार्क्टिका म्हंजी आपली भावकी हाय," ते पोरांना सांगतात. "एका वक्ताला आपण समदे एका खंडात होतो. मग वाटणी झाली. ते खाली गेलं, आपण वर आलो. बांधा-धुऱ्यावरून भांडण न होता झालेली ही एकच वाटणी."

गावात कुणाची विहीर खणायला लागली की गुरुजी कडेला हजर. तात्या म्हणून आमच्याकडं एक जुने शेतकरी आहेत. त्यांच्या विहिरीत तर गुरुजी दोराला धरून खाली उतरले. मी वर उभा होतो, कारण दोर मी धरावा असं कुणालाच वाटलं नाही.

"काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा दगड," खालून आवाज आला. "तात्या, हा दगड एका काळी पातळ होता. लाव्हा. साडेसहा कोटी वर्षं झाली असतील."

"ते असू द्या. पाणी कुठं हाय?"

"पाणी लय अलीकडचं हो. त्याची एवढी काय घाई?"

वर आल्यावर त्यांनी धोतराचा सोगा झटकला आणि ध्रुवांवरचा बर्फ कसा वितळत चाललाय ते तात्यांना समजावून सांगितलं. तात्यांनी मन लावून ऐकलं. मग विचारलं, "तिकडचा बर्फ वितळला तर आपल्या येलदरी धरणात पाणी येतं का?"

"न्हाई तात्या. पाणी समुद्रकाठच्यांना. आपल्याला नुसतं ऊन."

"म्हंजी ह्यात बी मराठवाड्यावर अन्यायच," असं म्हणून तात्या बैलांकडं गेले.

तर असे हे गुरुजी. गेल्या वर्षी जूनमध्ये त्यांनी सहावी-सातवीला बर्फाच्या गाभ्याचा धडा सांगितला. ध्रुवावर जाणारी माणसं बर्फात खोल भोक पाडतात आणि तिथून बर्फाचा लांब दंडगोल वर काढतात. जुन्या बर्फावर नवा पडत गेलेला असतो. त्यात कुठं ज्वालामुखीची राख सापडते, कुठं धूळ, आणि बुडबुड्यांत त्या-त्या काळची हवा जशीच्या तशी कोंडलेली. "लाखो वर्षांखालची हवा. तिला विचारायचं, बाई, तुझ्या वक्ताला ऊन कसं होतं? ती सांगती. अन् आताची हवा तिच्याशेजारी ठेवली की कळतं, आपण कुठं चाललोत."

एवढ्यावर कुणीही थांबलं असतं. गुरुजींनी बोअरच्या केसिंगचा उरलेला पाइप आणला, बुडाला टोपण ठोकलं आणि गावाचाच गाभा करायला घेतला.

रीत अशी. दर शनिवारी पोरांनी त्या आठवड्याचं काहीतरी आणायचं, ते पाण्यात कालवायचं, पाइपात बोटभर ओतायचं आणि गोठवायचं. पुढच्या शनिवारी त्याच्यावर पुढचं बोट. जूनमध्ये पेरणीची माती गेली. पोळ्याला बैलाच्या शिंगांचा हिंगूळ गेला. सोयाबीन निघालं तेव्हा मळणीयंत्राचा भुसा. दिवाळीला फटाक्याची काजळी आणि झेंडूच्या पाकळ्या.

गोठवायची सोय फाट्यावरच्या बाबूभाईंच्या फ्रीझरमध्ये. बाबूभाई थंडपेयाचं दुकान चालवतात आणि गुरुजींवर त्यांचा फार जीव, पण कुल्फीवर त्याहून जास्त. "गुरुजी, तुमारा इतिहास रोज लंबा हो रा," ते कळवळून म्हणायचे. "मेरी कुल्फी कां रखूं?"

दिवाळीनंतर आमच्या शाळेत दरवर्षी होतं ते झालं. ऊसतोडीला ट्रॅक्टर निघाले आणि सहावी-सातवीतली अकरा पोरं आईबापांबरोबर कारखान्याकडं गेली. ती परत येणार गुढीपाडव्याच्या सुमाराला. वर्गात अकरा जागा मोकळ्या झाल्या. मला वाटलं, आता गुरुजी गाभ्याचा नाद सोडतील. पण ते जास्तच पेटले. एकही शनिवार चुकवीनात. वीज गेली की सायकल मारत फाट्यावर जायचे आणि फ्रीझरवर गोधडी टाकून वाट बघत बसायचे.

"एवढं कशासाठी, गुरुजी?" मी एकदा विचारलं.

"ती अकरा पोरं आली की त्यांच्यासमोर ठेवायचाय. दिवाळीच्या वरचे थर त्यांनी बघितले न्हाईत. पाडव्यापर्यंत टिकला पाहिजे बघा, मराठीवाले. मग वितळला तरी चालतंय."

मी मान डोलावली. मला त्यात फक्त वेड दिसलं, ते मी कबूल करतो.

आता माझा पराक्रम सांगतो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात स्नेहसंमेलन होतं. प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळेना म्हणून ते लांबत-लांबत उन्हाळ्यात आलं होतं. मराठीचा मास्तर म्हणून सूत्रसंचालन माझ्याकडं, आणि का कुणास ठाऊक, सरबतही माझ्याकडं. बर्फ जिंतूरहून जीपनं येणार होता. सकाळी मी कोठीसमोर येरझाऱ्या घालत माझ्याच चार ओळी पाठ करत होतो. गुरुजी घामाघूम होऊन आले आणि काहीतरी म्हणाले. मी "हो हो" म्हणालो. ते नेमकं काय म्हणाले, ते मला दोन तासांनी कळलं.

फाट्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता. गाभा कडेनं सुटून पाइपाबाहेर आला होता. गुरुजींनी तो लाकडाच्या भुशात घालून गोणपाटात गुंडाळला होता आणि शाळेत गार म्हणून एकच खोली, ती कोठी, तिथं आणून ठेवला होता. दुपारी परभणीतल्या एका ओळखीच्याच्या फ्रीझरमध्ये न्यायचा होता. तोवर मी लक्ष ठेवायचं होतं.

आणि जिंतूरहून येणारा बर्फ कसा येतो? भुशात. गोणपाटात. तसाच.

आमच्याकडं लग्नात-कार्यात गोणपाट उघडून बर्फ बघत बसायची पद्धत नाही. गोणपाटाचं तोंड मुठीत धरायचं आणि वरूनच वरवंटा घालायचा, म्हणजे तुकडे उडत नाहीत. मीही तेच केलं. चांगला जोर लावला. ओळी म्हणत-म्हणत, तालात. मग तुकडे भराभरा धुतले आणि पिंपात ओतले. रंग जरा गढूळ वाटला, पण कारखान्याच्या बर्फाकडून मी यापेक्षा जास्त अपेक्षा कधी ठेवलीच नव्हती.

पाहुण्यांना सरबत फार आवडलं. "जिरं भाजून घातलंय का?" त्यांनी विचारलं. "धुराचा वास लय झकास लागलाय." तीन ग्लास प्याले. मी माइकवरून नम्रपणे श्रेय घेतलं.

गुरुजी पहिल्या रांगेत होते. त्यांनी ग्लास तोंडाला लावला, थांबले, आत बघितलं आणि दोन बोटांनी झेंडूची एक पाकळी बाहेर काढली. ती त्यांनी तळहातावर घेतली. मग पिंपाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी तेव्हा नेमका "गोड क्षण ओठांवर रेंगाळत राहो" या ओळीवर होतो. पुढची ओळ मला अजून आठवत नाही.

जिंतूरचा बर्फ आभार प्रदर्शनाच्या वेळी पोचला.

पोट कुणाचंच बिघडलं नाही, एवढी एक बरी गोष्ट. माणसं पांगल्यावर मी गुरुजींजवळ गेलो. ते कोठीच्या पायरीवर ओलं गोणपाट पिळत बसले होते. मी म्हणालो, "गुरुजी, एका दिवसात नवा करून देतो. माती आहे, काजळी आहे, पाकळ्या आणतो. कुणाला कळणार आहे?"

"खोटा थर घातला तर मग मी शिकवलं काय?"

 मग माझं सुचेल ते चालू झालं. म्हणालो, अकराच पोरं तर आहेत, वह्या उतरवून घेतील, अभ्यास भरून निघेल.

"अभ्यास निघतो हो भरून," गुरुजी म्हणाले. "मी चार वर्षं गेलो उसाला, आईबापासंगं. परत आलो की बाई म्हणायच्या, राहिलेलं उतरून घे. मी उतरायचो. पण चौथीत आलो तवा वर्गात कुणी 'भोपळा' म्हणलं की समदी पोरं हसायची. कायतरी झालं होतं आमी नसताना. मी पण हसायचो त्यांच्यासंगं. लय जोरात हसायचो." त्यांनी गोणपाट झटकून उन्हात पसरलं. "अजून ठावं न्हाई काय झालं होतं."

मी पिंप घासायला घेतलं. ते माझं काम नव्हतं, पण तिथं उभं राहवेना.

पाडवा झाला, ट्रॅक्टर परतले. अकराच्या अकरा पोरं वर्गात आली. काळवंडलेली, हातापायांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे. गुरुजींनी मला बोलावून फळ्यासमोर उभं केलं.

"तुमी नसताना आपण गावाचा गाभा पुरा केला होता," त्यांनी पोरांना सांगितलं. "तो ह्यांनी सरबतात घातला. त्यातले चार ग्लास ह्यांनी स्वतः पेले. तवा इतिहास ह्यांच्या पोटात हाय. विचारा."

वर्ग फिदीफिदी हसला. मी दिवाळीच्या वरच्या पहिल्या थरापासून सुरुवात केली. "त्या आठवड्यात, म्हणजे, थंडी होती."

"न्हाई सर, पाऊस होता," एक पोरगी ओरडली. "बोंडं भिजली समदी. आमच्या घरात कापूस वाळत घातला होता, आमी बाजेखाली झोपायचो."

"मग पुढच्या आठवड्यात..."

"पुढच्याला वानर आलं. त्यानं मराठीच्या सरांचा डबा नेला."

"त्याच्या पुढच्या आठवड्यात हो तो डबा," मी म्हणालो. मला एवढं एकच खात्रीनं माहीत होतं. पण माझं कुणी ऐकेना. मागं राहिलेली पोरं बाकांवर गुडघे टेकून परतलेल्यांना सांगत सुटली. वानर कौलांवर बसून माझी पोळी कशी खात होतं, मी त्याला प्रमाण भाषेत कसं हाकलत होतो, ते एकानं करून दाखवलं. त्या अकरा जणांतलं एक पोरगं हसता-हसता बाकावरून खाली घसरलं. चांगला अर्धा तास थर चालले होते. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

मग परतलेल्यांतली सुरेखा उभी राहिली. सहावीतली, बारकी, हाताला चिंधी बांधलेली.

"गुरुजी, आमचा थर कुणी सांगायचा?"

"कोणता गं?"

"तिथला. आमी होतो तिथला. तुमी कुणीच नव्हता तिथं."

गुरुजींना हे सुचलंच नव्हतं, ते त्यांच्या तोंडावर दिसलं. त्यांनी खडू तिच्या हातात दिला, मला फळ्यासमोरून बाजूला व्हायची खूण केली आणि जाऊन पहिल्या बाकावर पोरांमध्ये बसले. बाक लहान होता, गुडघे वर आले.

सुरेखा फळ्याकडं तोंड करून उभी राहिली. कुठून सुरू करावं ते तिला कळेना.

"पहाटेपासून सांग," गुरुजी हळू म्हणाले. "मोळ्या बांधताना उसावरचं दंव लय गार लागतं का अजून?"

"लय," ती वळून म्हणाली. "बोटं वळतच न्हाईत."

"हां," गुरुजी म्हणाले. "मग काय करता तुमी?"

आणि ती सांगायला लागली.