आधी आभार

कर्टिस हाऊगनचे आभार कशाबद्दल मानायचे, या प्रश्नावर नॉर्डवालच्या लुथरन चर्चच्या तळघरात चौघांची डोकी तासभर तापली होती. कॉफीचं दुसरं भांडं संपत आलं तरी उत्तर सापडत नव्हतं.

कर्टिस अमेरिकेच्या संसदेत त्या भागाचा खासदार. आणि हे चौघे म्हणजे जगातली गरिबी आणि रोगराई हटवण्यासाठी खासदारांच्या मागे हात धुऊन लागणाऱ्या एका संघटनेची नॉर्डवाल शाखा. पगार नाही, भत्ता नाही, कॉफीसुद्धा घरून आणायची. संघटनेची शिकवण मात्र पक्की होती. खासदार भेटला की आधी आभार मानायचे, मग प्रश्न मांडायचा, मग मागायचं ते मागायचं. आभार मानले की माणूस विरघळतो, असं मुख्यालयातल्या लोकांचं म्हणणं. मुख्यालयातल्या लोकांना कर्टिस माहीत नव्हता.

"मागच्या वेळी कशाबद्दल मानले होते?" आर्डिस लुंडीनने विचारलं. ती शाखेची अध्यक्ष. सगळी हयात तिसरीच्या वर्गाला शिकवण्यात गेलेली, त्यामुळे उत्तर देणाऱ्याने आधी हात वर करावा अशी तिची अजूनही अपेक्षा असे.

"त्याच्या ऑफिसबाहेर गाडी लावायला जागा मिळाली, त्याबद्दल," व्हर्लिन म्हणाला. व्हर्लिन गुरांचा निवृत्त डॉक्टर, त्यातही मुख्यतः डुकरांचा. "त्याच्या आधीच्या वेळी कॉफी गरम होती म्हणून."

"एखाद्या मताबद्दल काहीच नाही?"

"मत? टीबीच्या औषधांना गेल्या वर्षी त्याने विरोध केला. मच्छरदाण्यांना विरोध केला. पोलिओच्या लशीवर मतदान होतं त्या दिवशी गडी मासे पकडायला गेला होता. माशांबद्दल मानू या का?"

शेजारच्या मतदारसंघातल्या खासदारबाई त्या मानाने देवमाणूस. त्यांनी टीबीच्या औषधांना मत दिलं होतं आणि आर्डिस या बैठकीच्याच दिवशी सकाळी त्यांच्या ऑफिसात जाऊन आभाराचं भाषण करून आली होती. ते भाषण तिने भांडी घासताना, गाडी चालवताना, कुत्र्याला फिरवताना घोकलं होतं. 'लाखो आयांच्या वतीने' या शब्दांवर तिचा आवाज नेमका हवा तेवढाच कापत असे.

"शनिवारी जेवायला आल्याबद्दल आभार मानते," आर्डिस शेवटी म्हणाली. "पण मागणं नीट मागायला हवं. संसदेच्या समितीत अर्धे इकडे, अर्धे तिकडे आहेत. गरीब देशांना द्यायची टीबीची औषधं पुढे चालू ठेवायची की नाही, ते या वेळी एकट्या कर्टिसच्या मतावर ठरणार आहे. अर्ध्यावर औषध सुटलं तर माणसं मरतात, व्हर्लिन."

"मला नको सांगू. मी डुकरांनासुद्धा औषध पुरं करायला लावायचो."

शनिवारी चर्चमध्ये लुटेफिस्कचं जेवण होतं. सुकवलेला मासा क्षाराच्या पाण्यात भिजवून थुलथुलीत करतात आणि वर लोणी ओततात. ताटात तो स्वतःहून हलतो. निवडणूक जवळ आली की खासदाराला एकेका चर्चमध्ये जाऊन तो हसतमुखाने खावा लागतो, आणि कर्टिसचं त्या आठवड्यातलं हे कितवं ताट होतं ते त्याच्या पोटालाच ठाऊक. लहानपणी तो आर्डिसच्याच वर्गात होता. तिला बघितलं की खासदार अजूनही पाठ ताठ करून बसायचा.

पाद्रीबुवांनी आर्डिसच्या हातात माइक दिला. सगळं तळघर तिच्याकडे बघायला लागलं.

"कर्टिस, आधी आभार," ती म्हणाली, आणि जिभेला घोकलेली वाट सापडली. "टीबीच्या औषधांच्या बाजूने तू जे मत दिलंस, त्याबद्दल लाखो आयांच्या वतीने..."

आवाज नेमका जिथे कापायचा तिथे कापला. व्हर्लिनचा काटा तोंडापाशी थांबला. कर्टिस घास गिळायचा विसरला. दाराशी उभा असलेला त्याचा सचिव ग्लेन, ज्याला साहेबांचं प्रत्येक मत पाठ होतं, त्याने डोळ्यांवर हात ठेवला.

पाहुण्याला भर पंगतीत खोटं पाडायची नॉर्डवालमध्ये पद्धत नाही. तशी टाळ्या वाजवायचीही पद्धत नाही. एखादी गोष्ट जिवापाड आवडली तर तिथली माणसं 'वाईट नव्हतं' एवढंच म्हणतात. पण कोपऱ्यातून एक टाळी वाजली, मग दुसरी, आणि बघता बघता सगळं तळघर टाळ्या वाजवायला लागलं. त्यातून म्हातारा ऑर्विल काठी टेकत उठला.

"माझी आई टीबीने गेली," तो कर्टिससमोर येऊन म्हणाला. "मी पाच वर्षांचा होतो. दवाखान्याच्या खिडकीतून तिला दाखवायचे मला. ती आतून काचेला हात लावायची, मी बाहेरून लावायचो. औषधच नव्हतं तेव्हा." आणि ज्या माणसाने स्वतःच्या मुलांना कधी जवळ घेतलं नव्हतं, त्याने खासदाराला घट्ट मिठी मारली. स्थानिक साप्ताहिकाच्या बाईने फोटो काढला.

"मी... मी फक्त माझं कर्तव्य केलं, ऑर्विल," कर्टिस त्याच्या खांद्यावरून म्हणाला.

आर्डिस खुर्चीत बसली आणि तिने व्हर्लिनची बाही ओढली. "व्हर्लिन, मी काय बोलले?"

"बोललीस ते बोललीस. आता बटाटे घे."

"अरे, मला उठून सांगायला हवं!"

"आत्ता? ऑर्विल रडतोय. निदान रडून तरी होऊ दे त्याचं."

ऑर्विलचं रडून होईपर्यंत कर्टिस पुढच्या चर्चमधल्या पुढच्या माशाकडे रवाना झाला होता. टीबीच्या औषधांचं मागणं मागायचं राहूनच गेलं.

गुरुवारी फोटो पहिल्या पानावर आला. रविवारी पाद्रीबुवांनी कर्टिससाठी प्रार्थना केली. बायकांनी त्याच्या ऑफिसात इतके केक पाठवले की ग्लेनला ते कपाटावर रचून ठेवावे लागले. गावातल्या नॉर्वेजियन वंशाच्या लोकांच्या मंडळाने शाल आणि जोडीला लोकरी टोपी देऊन त्याचा सत्कार केला. आता हे सगळं कर्टिसच्या पक्षातल्याच एका इच्छुकाच्या कानावर गेलं, आणि त्याने रेडिओवर जाऊन तोफ डागली. "हाऊगनसाहेब आपला पैसा परदेशातल्या रोग्यांवर उधळतात!"

आता कर्टिसची पंचाईत झाली. 'नाही हो, मी औषधांच्या विरोधातच मत दिलं होतं' असं सांगावं, तर ऑर्विलच्या मिठीतला फोटो घराघरांतल्या फ्रिजवर लागलेला. त्याने सरळ रेडिओला फोन केला. "हो, दिलं मत! आणि पुन्हा देईन!"

व्हर्लिनने ते ऐकलं आणि तडक आर्डिसचं घर गाठलं. "ऐकलंस? पुन्हा देईन म्हणाला! मी म्हणतो, आपण आता तोंडाला कुलूप लावायचं."

"मी त्याला सांगणार आहे. मंगळवारी, तो शुक्रवारच्या मतदानासाठी वॉशिंग्टनला जायच्या आधी."

"अगं आर्डिस, तू गप्प बसलीस तर लोकांना औषधं मिळतात. खरं बोललीस तर तुला झोप मिळते. ठरव काय ते."

"जन्मभर पोरांना सांगत आले, खोटं बोलू नका म्हणून."

"हो, आणि त्यातलाच एक खासदार झालाय. बघ काय उजेड पडला तो."

आर्डिसला त्याचं पटत होतं, म्हणून तर तिला जास्त राग येत होता. कुठल्याशा दूरच्या गावात एखादं पोर काचेला हात लावून उभं आहे असं तिला राहून राहून दिसायचं. तरी मंगळवारी ती गेलीच.

कर्टिस खुशीत होता. "या बाई, या! केक घ्या. सफरचंदाचा घ्या, तो रविवारचाच आहे."

"कर्टिस, माझी चूक झाली. टीबीच्या औषधांना तू मत दिलं नव्हतंस. विरोध केला होतास."

कर्टिस हसला. "नाही बाई. दिलं होतं."

"नव्हतं."

"अहो, मला स्पष्ट आठवतंय. बाहेर पाऊस पडत होता. मी मनाशी म्हटलं, कर्टिस, ऑर्विलच्या आईला आठव."

"ऑर्विलच्या आईचं तुला त्या शनिवारी जेवताना कळलं."

"म्हणजे आत कुठेतरी मला आधीच जाणवलं असणार, बाई. माणसाला जाणवतं."

आर्डिस थक्क झाली. तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारी पोरं तिला मैलावरून ओळखू यायची. हा बिचारा मनापासून सांगत होता. टाळ्या आणि केक यांच्या जोरावर त्याला न घडलेली गोष्ट पावसासकट आठवायला लागली होती.

ती सचिवाकडे वळली. "ग्लेन, साहेबांनी काय मत दिलं होतं?"

ग्लेन छताकडे बघत म्हणाला, "मला घरी दोन मुलं आहेत, मॅडम."

"उभं राहून उत्तर दे."

तिचा तो आवाज ऐकून ग्लेन उभा राहिला. कर्टिसही उभा राहिला. "विरोधात," ग्लेन म्हणाला.



"मग पाऊस कधी होता?" कर्टिसने बारीक आवाजात विचारलं.

"तुम्ही मासे पकडायला गेला होतात तेव्हा, साहेब."

कर्टिस मटकन खाली बसला. टेबलावर एका जुन्या फ्रेममध्ये एका तरुण बाईचा फोटो होता. "ऑर्विल काल देऊन गेला," तो म्हणाला. "म्हणाला, माझ्यामागे हिला कोण सांभाळणार, तू ठेव." त्याने फ्रेम उलटी केली, मग पुन्हा सुलटी केली. "बाई, हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"व्हर्लिनला. आणि आता तुला."

"मग राहू द्या ना तसंच!"

"जमणार नाही. शुक्रवारी तू काय करायचं ते तू ठरव. रविवारी मी चर्चमध्ये उभी राहून खरं सांगणार. तू औषधांना मत दे, नाहीतर देऊ नकोस, मी सांगणार म्हणजे सांगणार."

बाहेर गाडीत बसलेल्या व्हर्लिनला तिने हे सांगितलं तेव्हा त्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "म्हणजे तू बोलणारच, मग त्याला घाबरून मत द्यायचं काही कारणच उरलं नाही. धन्य आहेस बाई."

शुक्रवारी संध्याकाळी आर्डिसचा फोन वाजला.

"बाई, दिलं मत," कर्टिस म्हणाला. "या वेळी खरंच दिलं. ग्लेन साक्षीला आहे. एका मताने औषधं वाचली." मग जरा थांबून म्हणाला, "तो फोटो टेबलावर होता ना, त्याचं काय करायचं ते सुचेना. परत द्यायला गेलो असतो तर काय सांगणार होतो?"

आर्डिसने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पोटभर रडून घेतलं. पण शब्द म्हणजे शब्द. रविवारी प्रार्थना संपली, सूचनांची वेळ आली, तशी ती उभी राहिली.

"मला एक कबुली द्यायची आहे. त्या जेवणाच्या दिवशी मी सगळ्यांना चुकीचं सांगितलं. कर्टिसने परवा मत दिलं हे खरं. पण गेल्या वर्षी त्याने विरोध केला होता."

कुणीतरी खोकलं. पहिल्या रांगेतून ऑर्विल अर्धवट वळला.

"खाली बस आर्डिस. माहीत आहे."

"कुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना. गेल्या वर्षी पेपरात आलं होतं की."

आर्डिसने चर्चभर नजर फिरवली. माना डोलत होत्या. साप्ताहिकाची बाईही मान डोलवत होती. पाद्रीबुवा स्तोत्रांच्या पुस्तकात काहीतरी शोधायला लागले.

"मग टाळ्या का वाजवल्यात? आणि तू? तू मिठी मारलीस त्याला!"

"आई खरी, रडणंही खरं," ऑर्विल म्हणाला. "पण मिठी? मी काय कुणालाही मिठ्या मारत फिरतो? तू एवढी भारी खेळी केलीस, सगळ्यांसमोर त्याला न केलेल्या कामात अडकवलंस. म्हटलं, बाईला साथ द्यायला हवी. तिसरीत त्या पोराला शिकवलंस, ते आत्ता कुठे कामाला आलं."

"खेळी?" आर्डिस म्हणाली. "अरे, खेळी कसली? मी चुकले! शेजारच्या खासदारबाईंचं भाषण तोंडात बसलं होतं, ते निघून गेलं."

"म्हणजे... चुकून?"

"चुकून."

सगळ्या चर्चभर एक निराशेचा सुस्कारा गेला. दोन आठवडे ज्या बाईकडे गाव आदराने बघत होतं, तिच्याकडे आता पुन्हा नेहमीसारखं बघायला लागलं. व्हर्लिनने तिचा कोट ओढून तिला खाली बसवलं. ऑर्विलने काठी हातात घेतली, थोडा वेळ विचार केला आणि मोठ्या मनाने म्हणाला, "असू दे आर्डिस, वाईट नव्हतं. पुढच्या वेळी मुद्दाम कर."