टेकऑफची पाच मिनिटं

"याही, खिडकीपाशी मी बसू का नक्को?" नामदेवरावांनी विचारलं, आणि प्रमोदने मोठ्या उदारपणे आपली जागा त्यांना दिली.

नामदेवराव हे प्रमोदचे होणारे व्याही. अफझलगंजच्या बाजारात त्यांचं विहिरीवरच्या मोटारींचं दुकान. त्यांचा हर्षवर्धन आणि प्रमोदची गौरी यांचा साखरपुडा त्याच संध्याकाळी पुण्यात, प्रमोदच्या थोरल्या भावाकडे व्हायचा होता. बाकी मंडळी रेल्वेने आधीच पोचली होती. दुकानामुळे मागे राहिलेल्या नामदेवरावांना विमानाशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि जन्मात कधी विमानात न बसलेला हा माणूस चांगलाच बिचकला होता. तेव्हा प्रमोदनेच छातीठोकपणे सांगितलं होतं, "अहो, मी आहे ना शेजारी! बावीस वर्षं गेली माझी विमानाच्या इंजिनांत."

खरं म्हणजे ती इंजिनांत नव्हे, इंजिनांच्या कागदांत गेली होती. इंजिनात सुधारणा करून त्याची ताकद वाढवली, तर ती पूर्ण ताकद टेकऑफला किती मिनिटं वापरू द्यायची, हे तो एका कंपनीत बसून ठरवत असे. त्या ऑफिसात 'काही होणार नाही' हे वाक्य कोणी उच्चारत नसे. 'होण्याची शक्यता मान्य मर्यादेत आहे' असं लिहायचं आणि खाली सही ठोकायची. ही सवय इतकी अंगात भिनली होती, की बायकोने "पाऊस येईल का हो?" विचारलं तरी तो टक्केवारी सांगे. मीनाने विचारणंच सोडून दिलं होतं.

विमान हललं. नामदेवरावांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. व्याह्यांना धीर देणं हे प्रमोदला आपलं कर्तव्य वाटलं.

"घाबरू नका. उडाल्यावर दीड-दोन मिनिटांत इंजिनाचा आवाज कमी होईल. तेव्हा दचकू नका, म्हणून आधीच सांगतो."

"कमी कायकू होईल?"

"पूर्ण ताकद पाच मिनिटंच वापरायची असते ना!"

"आन् पाचाच्या वर गेली तर?"

"इंजिन तापतं. आतली पाती खराब होतात."

तापलेली मोटार म्हणजे काय, हे नामदेवरावांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी लगेच पुढचं विचारलं. "आन् एक इंजिन बंदच पडलं तर?"

इथे प्रमोदने गप्प बसायला हवं होतं. पण विषय जिव्हाळ्याचा निघाला.

"मग दुसऱ्याला दहा मिनिटं परवानगी! म्हणजे सगळ्यांना नाही हं. ज्याच्यात तशी सुधारणा केलीय, त्यालाच."

"ह्याच्यात केली हाय का?"

"ते कागद पाहिल्याशिवाय नाही सांगता यायचं."

नामदेवरावांनी प्रश्न थांबवले आणि ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघू लागले. व्याह्यांना धीर आला, असं समजून प्रमोदने समाधानाने डोळे मिटले. पहाटे चारला उठलेला असल्यामुळे त्याला लगेच डुलकी लागली.

त्या दिवशी धावपट्टीपाशी गर्दी होती. पुढे सहा विमानं रांगेत उभी. इंजिनं आपली मंद घुरघुरत होती, आणि नामदेवराव मिनिटं मोजत होते. पाच झाली. सात झाली. दहा झाली. अकराव्या मिनिटाला त्यांनी पट्टा काढला आणि ते ताडकन उभे राहिले.

"बंद करा! मोटार बंद करा! पाचाची हद्द हाय, अकरा मिनिटं झाली!"

प्रमोद खडबडून जागा झाला. तोवर मागच्या रांगेतल्या बाईंनी साक्षसुद्धा देऊन टाकली होती. "हो, हे शेजारचे गृहस्थच सांगत होते. इंजिनवाले आहेत ते. पाती खराब होतात म्हणाले."

छातीवर 'रेणू' अशी पट्टी लावलेली एक हवाई सुंदरी धावत आली. पुण्याचीच पोरगी होती.

"अहो, ती मर्यादा पूर्ण ताकदीची!" प्रमोद घाईघाईने म्हणाला. "आत्ता इंजिन नुसतं हळू चालतंय. तासभर चाललं तरी चालतं."

"म्हणजे इंजिनात काही बिघाड नाही ना, सर?"

'नाही' म्हटलं की संपलं होतं. प्रमोदने तोंड उघडलं, मिटलं, आणि मग प्रामाणिकपणे म्हणाला, "न तपासता 'नाही' कसं म्हणणार?"

रेणूने हे वाक्य जसंच्या तसं पायलटच्या कानावर घातलं. विमान रांगेतून बाहेर पडलं आणि निमूट परत आलं.

खाली एका मेकॅनिकने इंजिनात डोकावून पाहिलं आणि वर अंगठा दाखवला. तो खिडकीतून पाहताच नामदेवराव निर्धास्त झाले. बाकीचे प्रवासी मात्र कुजबुजत होते. शेवटी कॅप्टन स्वतः बाहेर आले. "आप इंजिनियर हैं ना? आप ही लोगों को बोल दीजिए, कुछ नहीं होगा."

दीडशे माणसं प्रमोदकडे बघू लागली. तो उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, "उपलब्ध माहितीनुसार आज अपघात होण्याची शक्यता नगण्य आहे. शून्य मात्र ती कधीच नसते."

सात जणांनी उठून वरच्या बॅगा काढायला सुरुवात केली.

कॅप्टननी त्यांना हातापाया पडून बसवलं आणि एकट्या प्रमोदला उतरवलं. रेशमी कुर्ता घातलेला मुलीचा बाप, हातात पुतरेकुलू या तेलुगू मिठाईचा खोका, मान खाली घालून व्याह्यांच्या डोळ्यांदेखत चालू लागला. विमानाचा तो बोळ संपता संपेना. धरणी दुभंगावी म्हणायचीही सोय नव्हती; खाली नुसती सामानाची कोठी होती.

"मी बी येऊ का?" नामदेवरावांनी मागून विचारलं.

"नको, नको! मुलाचा साखरपुडा आहे तुमच्या. तुम्ही जा," प्रमोद पुटपुटला.

सुरक्षा अधिकाऱ्याने त्याला चार ओळींचा जबाब लिहायला सांगितला. प्रमोदने चार पानं लिहिली आणि शेवटी तापमानाचा आलेख काढला. अधिकाऱ्याने तो आलेख आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला, आणि साहेबांना बोलावलं. साहेबांनी त्यांच्या साहेबांना बोलावलं. तेवढ्यात दुपारचं विमानही गेलं.

मीनाचा फोन आला. त्याने सगळं खरं सांगितलं.

"एका शब्दाचं काम होतं हो," ती म्हणाली. "आता इथे लोकांना काय सांगू? आणि नामदेवराव येऊन काय सांगतील? अशा घरची मुलगी नको म्हणाले तर?"

प्रमोदला हीच भीती सकाळपासून पोखरत होती. आपल्या जिभेपायी पोरीचं लग्न मोडणार, या विचाराने त्याला अन्न गोड लागेना.

संध्याकाळी पुतण्याने, अनिकेतने, व्हिडिओ कॉल लावला. विमानतळाच्या एका खांबाआड उभं राहून प्रमोदने फोन समोर धरला. हॉल माणसांनी भरला होता. मधोमध फेटा बांधलेले नामदेवराव उभे होते आणि भोवती पाहुण्यांचं कोंडाळं होतं. 'मुलीचे वडील कुठायत?' असं कोणीतरी नुकतंच विचारलेलं दिसत होतं.

"काय सांगू तुमाला!" नामदेवराव म्हणाले. मोटार विकताना लावत असतील तोच आवाज त्यांनी लावला होता. "इंजिन असं तापलं होतं! पायलटला बी समजंना. आमचे याही उठले, इमान मागं फिरवलं, खाली उतरले, स्वता हात घातला आन् मोटार ठीक केली. मला म्हणले, तुमी जावा, मी सही करून येतो. दीडशे जीव वाचले आज!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मीनाने तोंडाला पदर लावला. या निवेदनात एकूण सहा चुका होत्या, आणि प्रमोद त्या क्रमवार सांगू शकला असता. नामदेवराव त्याच्याकडे बघत होते. त्यांची पापणीही लवली नाही.

इतक्यात नटलेली गौरी फोनपाशी आली. तिचे डोळे भरून आले होते. "बाबा, खरंच?"

प्रमोदने तोंड उघडलं.

"हो," तो म्हणाला.

पुन्हा टाळ्या झाल्या. त्याचे कान तापले. विमानातून उतरवलं, तेव्हासुद्धा त्याला इतकी लाज वाटली नव्हती. तिकडे व्याह्यांनी भरल्या हॉलमध्ये त्याला वाकून नमस्कार केला, आणि खांबाआडून त्यालाही हात जोडावे लागले.