परबकाकांचा बुधवार

आमच्या मजल्यावरचे परबकाका पनीरमध्ये काटे शोधतात. मी थट्टा नाही करत. समोर पनीरची भाजी आली की पहिला तुकडा चिमटीत मोडून बघतात, मग डाव्या गालात क्षणभर ठेवतात, आणि काही टोचलं नाही की गिळतात.

"काका, पनीर आहे ते," मी एकदा म्हणालो.

"म्हायत आसा माका. पण सत्तर वर्षांच्या जिभेक कोण समजावतलो?"

जन्म मालवणजवळचा, नोकरी भांडुपच्या कारखान्यात फिटरची, मुक्काम मुलुंड पूर्व आणि धर्म मासे. काकी गेल्यापासून स्वतःच रांधतात. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिकलं त्यांच्याकडे शिजायला लागलं की आमच्या घरातला वरणभात बेचव होतो. माझी बायको तर सरळ वाटी घेऊन त्यांच्या दारात उभी राहते, लाज नावाची गोष्ट नाही. मेथी असो, कोबी असो की भेंडी, काका सगळ्यालाच 'पालो' म्हणतात. "पालो खाऊन बकरो मोठो होता, मगे आपण बकरो खातो. असा सरळ चलला हा, तर मधी आपण पालो खाऊक कित्याक घुसाचा?" हा मुद्दा ते आमच्या अख्ख्या सोसायटीला ऐकवून बसलेत.

आणि हा माणूस दर बुधवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून मुलुंड पश्चिमेच्या त्या प्रसिद्ध गुजराती थाळीवाल्याकडे जेवायला जातो! सोमवारी, गुरुवारी गेले असते तर समजलो असतो, वार पाळतात बुवा. पण बुधवार म्हणजे हक्काचा माशांचा वार. दारात कोळीण पापलेट दाखवत असते आणि हे चपला घालत असतात. विचारलं तर म्हणायचे, "वैरी काय रांधता, ता बघून ठेवचा लागता रे."

एका बुधवारी मला रजा होती. म्हटलं, चला, आज वैऱ्याचं घर बघूच. मी बरोबर येतो म्हटल्यावर काका जरा घुटमळले, पण नाही म्हणाले नाहीत.

बाहेर ही मोठी रांग. नाव पुकारल्यावर आत गेलो, तर वाढपी काकांना बघूनच हसायला लागला. काकांनी बाजारात विचारावं तसं विचारलं, "आज ताजा क्या है?"

"सब ताजा है काका."

भरलं वांगं ताटात पडताच काकांनी ते उलटं करून देठाखाली बघितलं. मासा घेताना कल्ले बघतात ना, तसं. मग मान हलवली, "हां, चलेगा." कढी तोंडाला लावून ओरडले, "इसमें साखर कायको डाला? ये कढी है का बासुंदी?"

"बासुंदी भी है काका."

"तो वो भी डालो!"

शेवग्याच्या शेंगा चघळून त्यांनी चोथे ताटाच्या कडेला ओळीने मांडले होते. लांबून बघणाऱ्याला वाटावं, या माणसाने इथेही कुठून तरी मासा पैदा केला.

पण आमच्या टेबलाशी तिसरी खुर्ची होती आणि तिच्यावर काकांनी आपली पिशवी ठेवलेली. कोणी मागायला आलं की "आदमी है" म्हणून वसकन अंगावर जायचे. दहा मिनिटांनी आदमी आला. काकांची मुलगी, स्मिता.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. स्मिताने आठ वर्षांपूर्वी भावेशशी लग्न केलं. गुजराती घर, पक्के शाकाहारी. तिने स्वतःहूनच मासे सोडले. तिचं घर थाळीवाल्यापासून चालत दहा मिनिटांवर, पण काका तिथे कधी जेवले नाहीत. आमच्यात जुनी रीत आहे, मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी जेवायचं नाही. आता कोण पाळतंय? काका पाळतात. बरं, तिला आपल्या घरी जेवायला बोलवावं, तर म्हणतात, "माझ्या टोपाक चाळीस वर्षांचो मासो लागलेलो आसा. त्यातला तिका कसा वाढू?" म्हणून मग हा बुधवार, हा पालो आणि हा इस्त्रीचा शर्ट. वैरी-बिरी सगळी थापेबाजी!

जेवता जेवता स्मिता म्हणाली, "बाबा, पुढच्या बुधवारी घरी या ना जेवायला."

"येतलंय गो. नातू मांडयेर बसलो काय पयलो घास तुझ्याकडेच."

हे ते दर वेळी म्हणत असणार, इतकं सहज म्हणाले. स्मिताने हातातली पुरी खाली ठेवली.

"बाबा, नातू नाही येणार. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. आम्ही दोघांनी रडून-बिडून झालंय, आता ठीक आहोत. पण मग तुम्ही माझ्या हातचं कधीच जेवणार नाही का?"

वाढपी गरम पुऱ्या घेऊन आला. काकांनी ताटावर हात आडवा धरला. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.  मग काका उठले, हात धुऊन आले आणि तिच्या खुर्चीशी उभे राहिले.

"घराकडे भात आसा?"

"सकाळचा आहे. डाळ आहे. का?"

"माका भूक लागली हा. चल."

"बाबा, अहो पण तुमची रीत..."

"माझी रीत मा? मगे मीच मोडतलंय. दुसऱ्या कोणाचो बाप येतलो काय मोडूक?"

मीही मागोमाग गेलो. खोटं कशाला बोलू, मला हे चुकवायचं नव्हतं. त्यांच्या विहीणबाई टीव्ही बघत होत्या. व्याही जेवायला आले म्हटल्यावर धावतपळत स्वयंपाकघरात गेल्या आणि पापड भाजायला लागल्या. काका मांडी घालून जमिनीवरच बसले. स्मिताने भात वाढला, वर डाळ ओतली.

गोडसर डाळ. काकांनी पहिला घास घेतला. आता ओरडणार, मी मनात म्हटलं. पण ते नीट चावून जेवत राहिले. ताट पुसून स्वच्छ केलं, मान खालीच होती.

"उशीर केलंय गो बाय मी," ते म्हणाले. "आठ वर्सां."

स्मिता पदर नसलेल्या ड्रेसच्या बाहीने डोळे पुसत होती. "भात वाढू अजून?"

"वाढ," काका म्हणाले, आणि ताट पुढे सरकवलं.