केरोबाच्या गाडीचं जन्मभराचं तेल

एका जंगलात डांबरी रस्ता होता आणि त्या रस्त्यावर धावणारी एकच गाडी होती. ती केरोबा अस्वलाची. बाकीचे प्राणी पायीच फिरत. त्यांना चार पाय होते, त्यामुळे त्यांना त्याचं काही वाटत नसे. पाय केरोबालाही चारच होते, पण त्याच्याकडे गाडी होती.

गाडी ऑटोमॅटिक होती. म्हणजे गिअर ती आपले आपण बदलायची, कुणाला विचारायची नाही. मुलांनो, अशी गाडी फार सोयीची असते. मालकाला काही कळत नसलं तरी ती चालते.

केरोबाची लेक गिरजा खिंडीपलीकडच्या रानात दिली होती. तिला आठवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही अस्वलांची रीत. आणि नववा लागला की गरोदर लेकीनं खिंड ओलांडायची नाही, हीसुद्धा रीतच. त्यात विहीणबाईंचा निरोप आला.

"गाडीतून नेणार असाल तर पाठवते. पायी पाठवणार नाही. आमच्या घराला ते शोभत नाही."

आणि नेमकी तेव्हाच गाडी गिअर बदलताना झटके देऊ लागली. पोटुशी पोर मागे बसणार, तिला हिसका बसला तर काय करायचं? केरोबाच्या घशाखाली मध उतरेना.

तो तरसाच्या गॅरेजात गेला. तरसानं बॉनेट उघडलं, हसला आणि बंद केलं. तरस नेहमीच हसतो, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नाही.

"गिअरबॉक्सचं तेल बदलून दे," केरोबा म्हणाला.

"यातलं तेल बदलायचं नसतं. कंपनीनं जन्मभराचं घातलंय."

"कुणाच्या जन्मभराचं?"

"ते कंपनीनं सांगितलेलं नाही."

"बरं, निदान आत किती आहे ते तरी बघ."

"बघता येत नाही. इंजिनाला तेल बघायची पट्टी असते. गिअरबॉक्सला दिलेलीच नाही."

"का?"

"पट्टी दिली की गिऱ्हाईक बघत बसतं," तरस म्हणाला आणि पुन्हा हसला.

केरोबा घरी आला. दारात माकड बसलं होतं. तेल घरच्या घरी बदलता येतं, असं माकडानं सांगितलं. माकडानं त्याचा व्हिडिओ पाहिला होता.

"काका, एकच नियम. जेवढं जुनं निघेल तेवढंच नवं मोजून भरायचं. मग पट्टी नसली तरी अडत नाही."

"आणि मापात चूक झाली तर?"

"त्याचीही युक्ती आहे. गाडी सपाटीला उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं, तेल कोमट झालं की खालचा छोटा बोल्ट काढायचा, आणि मग..."

"मग काय?"

"तिथे रेंज गेली."

केरोबाचं एवढ्यावर समाधान झालं. त्यानं शहरातून नव्या तेलाचा डबा आणवला. जुनं तेल धरायला मोठं भांडं हवं होतं, ते शेजारच्या हत्तीणबाईंकडून मागून आणलं. चांगलं जाडजूड पितळी पातेलं होतं. त्यावर हत्तीणबाईंचं नाव घातलेलं होतं, लग्नाच्या तिथीसकट. पातेलं कशाला हवंय हे त्यांनी विचारलं नाही, आणि यानंही सांगितलं नाही.

गाडी दगडांवर चढवून केरोबा खाली शिरला. बोल्ट काढला. काळपट लाल तेल पातेल्यात उतरलं. आधी धार थांबली, मग थेंब थांबले. त्यानं बोल्ट परत लावला, पातेलं मागच्या दारी ठेवलं आणि अंग धुवायला नदीवर गेला. माप आल्यावर घ्यायचं होतं. जाताना बायकोला काही बोलला नाही. गाडीखालच्या गोष्टी घरात सांगायच्या नसतात, असं त्या जंगलातल्या नरांचं मत होतं.

त्याची बायको भागू मागच्या दारी आली. शेजारणीच्या नावाचं पातेलं, आणि आत हे! पण ती संसारी होती. तेल फेकून न देता तिनं ते कुंचल्यानं कुंपणाच्या मेढींना लावून टाकलं, म्हणजे वाळवी लागत नाही. मग पातेलं राखेनं घासून लख्ख केलं. शेजाऱ्यांचं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून गिरजासाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांतले थोडे त्यात घातले आणि देऊन आली.

मुलांनो, यात भागूचं काय चुकलं? काहीच नाही. नीट लक्षात ठेवा, या गोष्टीत कुणीही चुकीचं वागलेलं नाही.

केरोबा नदीवरून आला.

"अगं, पातेल्यातलं तेल?"

"शी! केवढी ती घाण."

"केवढी? किती होतं?"

"बरंच होतं."

"बरंच म्हणजे किती?"

"हात दुखेपर्यंत मेढींना लावत होते. पार आंब्यापर्यंतची बाजू झाली. आता वाळवीची ब्याद गेली."

आता माप कशाचं घ्यायचं? बातमी जंगलभर झाली, आणि सल्ला द्यायला गवे गुरुजी आले. ते शाळेतून निवृत्त झालेले होते आणि अजून कुणाला तरी शिकवायचं राहून गेलं आहे असं त्यांना वाटत असे. त्यांनी कुंपणाकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"हे साधं त्रैराशिक आहे," ते म्हणाले. "तेल गेलं असेल, पण मेढी आहेत ना? आंब्याच्या अलीकडे जितक्या मेढी, तितक्याच पलीकडे मोजून घ्या. त्यांना नवं तेल लावा. जेवढं लागेल तेवढंच गाडीतून निघालं होतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. अशी बुद्धी रोज बघायला मिळत नाही.

"पण लावणारा हात तोच हवा," गुरुजींनी बजावलं. "नाहीतर उत्तर चुकेल."

म्हणून भागूनं पदर खोचला. तिला पलीकडची बाजूही करून घ्यायचीच होती. ती एकेका मेढीला नवं, लालचुटुक तेल लावत गेली. माकड मेढी मोजत होतं. गुरुजी डब्यात डोकावत होते. शेवटची मेढ झाली तेव्हा डब्याच्या तळाशी थोडंसं तेल उरलं होतं.

"आलं उत्तर!" गुरुजी म्हणाले. "डब्यातून जेवढं कमी झालं, बरोबर तेवढं. अगदी थेंबाचाही फरक नाही. भरा आता गाडीत."

"काय भरू?" केरोबानं विचारलं.

सगळ्यांनी कुंपणाकडे पाहिलं. कुंपण उन्हात चमकत होतं. इतकं देखणं कुंपण त्या जंगलात दुसरं नव्हतं.

गुरुजींना घरी काम आठवलं. माकड त्यांच्या आधीच गेलं होतं.

दुसरा डबा शहरातून येईपर्यंत नववा लागला असता. केरोबानं तळाशी उरलेलं तेल नळीनं गाडीत सोडलं, वनदेवीचं नाव घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भागूला घेऊन निघाला. सपाटीला गाडी कशीबशी चालली. जोर कमी होता, पण झटका एकही बसला नाही. केरोबा शीळ घालू लागला.

मग खिंडीचा चढ लागला. इंजिन ओरडू लागलं, पण चाकांना ते ऐकू जाईना. माथा समोर दिसत होता आणि गाडी जागची हलत नव्हती. केरोबानं हँडब्रेक ओढला आणि खाली उतरून गाडीखाली डोकं घातलं.

"काय बघताय?" भागूनं विचारलं.

"तेल."

"दिसतंय का?"

"नाही."

भागूनं लाडवांचं गाठोडं डोक्यावर घेतलं. "तुम्ही इथंच थांबा. मी येते," ती म्हणाली आणि चढाला लागली. पाहता पाहता माथ्यापलीकडे दिसेनाशी झाली.

केरोबा गाडीपाशी बसून राहिला. आयुष्यात त्याला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. लेकीला हिसका बसू नये एवढंच त्याच्या मनात होतं, आणि आता ती बाळंतपणाला घरीच येणार नव्हती.

पलीकडे भागूनं विहीणबाईंना एवढंच सांगितलं, की गाडी खिंडीत उभी आहे. ते खरंच होतं. विहीणबाईंनी गिरजाची ओटी भरली आणि स्वतः माथ्यापर्यंत पोचवायला आल्या. सून गाडीत बसलेली त्यांना डोळ्यांनी बघायची होती.

माथ्यावर त्या थांबल्या. गिरजा आईचा हात धरून हळूहळू खाली उतरली. केरोबा गाडीचं दार उघडून उभा होता, पण त्याची मान वर होईना.

"बाबा, काय झालं?" तिनं हळूच विचारलं.

"तेल कमी पडलं. गाडी चालत नाही, बाळ."

गिरजानं मागे वळून पाहिलं. सासूबाई कपाळावर हात आडवा धरून बघत होत्या. मग तिनं पुढे पाहिलं.

"हा उतार आपल्या घराच्या बाजूचा आहे ना?"

"हो."

"मग दार लावा, आणि ब्रेक सोडा."

ती मागच्या सीटवर बसली. केरोबानं गाडी न्यूट्रलला टाकली आणि पाय ब्रेकवर ठेवून ती हळूहळू सोडली. गाडी मागे सरकू लागली. भागू मोठा धोंडा छातीशी धरून चाकाच्या बाजूनं चालत होती. गरज पडलीच तर चाकाला लावायचा म्हणून.

"अहो विहीणबाई," माथ्यावरून आवाज आला, "गाडी उलटी का चाललीय?"

"आमच्यात व्याह्यांच्या घराला पाठ दाखवत नाहीत!" भागू ओरडली.

विहीणबाईंना हे फार आवडलं. याला म्हणतात खानदान, असं त्या वाटेनं स्वतःशीच म्हणत गेल्या. पुढे त्यांनी आपल्या रानातही पाठवण्या उलट्या करायला लावल्या. तिथे गाड्या नव्हत्या, त्यामुळे काही मंडळी पडली. पण रीत टिकली.

पहिल्या वळणापलीकडे गाडी करवंदीच्या जाळीला टेकून थांबली.

"बाबा, आता उतरू?"

"उतर, बाळ."

तिघं पायी घरी निघाली. गिरजाला दम लागला की थांबायची, पाणी प्यायची, पुन्हा चालायची. तेलाविषयी ती एक शब्द बोलली नाही. केरोबाला तिच्यापुढे लाज वाटत होती आणि तिचा अभिमानही वाटत होता. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, मुलांनो.

संध्याकाळी वेशीवर गुरुजी भेटले. "काय केरोबा, लेकीला गाडीतून आणलंत ना?"

केरोबा काही बोलणार, तेवढ्यात गिरजाच म्हणाली, "हो तर. बाबांनी एकही हिसका बसू दिला नाही."

केरोबानं खाली वाकून पायातला काटा काढला. पायात काटा नव्हता.

तात्पर्य : गाडीचं तेल घरच्या घरीच बदलावं. घरच्यांची चालायची सवय सुटत नाही.