बद्रीनाथांच्या दाढेतली वीज

एका चॉकलेटानं काही होत नाही, असं बद्रीनाथांनी मनाशी ठरवलं आणि लेकीचं लग्न मोडायची वेळ आली.

लग्नाची तारीख पक्की करायला मुलाचे वडील तात्याराव मांजरीहून नारायण पेठेत बद्रीनाथांच्या घरी आले होते. सोबत होणारा जावई शुभंकर. हा हिंजवडीच्या आयटी कंपनीतला, नुकताच अमेरिकेहून परतलेला. त्यामुळे टीपॉयवर चंदेरी कागदातली चॉकलेटं. बद्रीनाथांना डायबेटीस. पत्नीनं, शालननं, सकाळीच बजावलं होतं, "गोडाला हात लावायचा नाही. आणि बोलणी मी करीन. तुम्ही नुसतं 'हो' म्हणायचं." (तेवढंही त्यांना जमलं नाही.)

शालन चहा आणायला आत गेली. बद्रीनाथांनी हळूच एक चॉकलेट उचललं, अर्धा कागद सोडवला, तोच बांगड्या वाजल्या. उरलेल्या कागदासकट ऐवज तोंडात गेला.

"मग मे महिन्यातलाच मुहूर्त धरायचा ना?" तात्यारावांनी विचारलं.

पुरावा नष्ट करायला बद्रीनाथांनी जोरात दाढ दाबली. डोक्यात लख्खकन वीज चमकली.

"नाही! नाही! मेलो!"

लेक श्रद्धा पांढरीफटक पडली.

"मुहूर्त नको, की मुलगा नको?" तात्याराव थंडपणे म्हणाले.

"कडं... कडंट!"

"कार्टं? माझ्या मुलाला कार्टं म्हणता?"

श्रद्धाच्या डोळ्यांत पाणी बघून बद्रीनाथांनी लाज सोडली आणि तोंडातला चुरगळलेला कागद बशीत काढून ठेवला. "करंट बसला हो!"

शुभंकरनं वाकून पाहिलं. "काका, दाढेत चांदी भरलीय?"

"गेल्याच आठवड्यात."

"मग बरोबर! हा कागद ॲल्युमिनियमचा, दाढेत दुसरा धातू, मधे खारट लाळ. झाला की सेल तयार! ॲल्युमिनियम झिजताना इलेक्ट्रॉन सोडतं, ते दाढेतल्या चांदीकडे धावतात. वाटेत सापडली तुमची नस."

तात्याराव खो खो हसत सुटले. मुहूर्त ठरला. शालननं पाण्याचा पेला नवऱ्याच्या हातात देऊन पाठीवरून हात फिरवला. बद्रीनाथांना एकदम स्फुरण चढलं.

"म्हणजे माझ्या तोंडात वीज तयार होते! किती रे?"

"जेमतेम एक व्होल्ट, काका. बल्बसुद्धा पेटायचा नाही."

"ते मला विचारायचं," शालन चहा ओतत म्हणाली. "आवाज मोठा आणि उजेड काही नाही, हे मी पंचवीस वर्षं बघतेय."