स्टुलाचा होकार

फिनलंडची वस्तू विकत मिळत नाही. ती आधी घर बघायला येते आणि घर पसंत पडलं तरच राहते. सांगलीत ही रीत एव्हाना सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती.

ऋजुताच्या थोरल्या जावेला, चारुशीलाला, लाटेसारख्या काठाच्या काचेच्या फुलदाणीनं होकार दिला होता. तेव्हापासून सासूबाईंचा मुक्काम तिकडेच. "अगं, आम्ही काही केलं नाही, तिलाच आमचं घर आवडलं," असं चारुशीला फोनवर म्हणे. ते 'तिलाच' ऋजुताच्या घशात काट्यासारखं रुतलं होतं.

म्हणून बर्च लाकडाचं, तीन पायांचं एक स्टूल रविवारी येतंय असा निरोप आला, तेव्हा तिनं पदर खोचला.

"त्यांना मोकळं घर लागतं," ती नवऱ्याला म्हणाली.

"मग मी कुठं जाऊ?" श्रीरंगनं विचारलं.

"गॅलरीत बस."

डबे, शोकेस, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, लग्नातला आहेर, सगळं शेजारच्या कलाक्कांकडे गेलं. "ठेव की," कलाक्का म्हणाल्या. "माझ्याकडं तसंही पाय ठेवायला जागा नाही. अजून थोडं चालतंय."

स्टूल वेळेवर आलं. पोह्यांचा नुसता वास घेतला. रिकाम्या भिंतींजवळून, उघड्या फरशीवरून सावकाश फिरलं.

"इथं बसतं कोण?"

"कुणी नाही," ऋजुता अभिमानानं म्हणाली.

"स्वयंपाक?"

"करतो. पण दिसू देत नाही."

स्टूल दाराकडे वळलं. "कळवू," म्हणालं.

कळवू म्हणजे काय, हे लग्नाच्या वयात ऋजुतानं चांगलंच ऐकलं होतं.

स्टूल बाहेर पडलं तेव्हा कलाक्कांचं दार उघडं होतं. त्या पालथ्या बादलीवर उभ्या राहून माळ्यावरचा पापडांचा डबा ओढत होत्या. "कोण ते? उभं काय राहिलंस? ये इकडं, जरा पाय देऊ दे!"

स्टूल आत गेलं. संध्याकाळी त्याचा होकार कळला. कलाक्कांना.

दुसऱ्या दिवशी ऋजुता आपलं सामान आणायला गेली. स्टुलावर तिचाच पोह्यांचा डबा बसला होता, ऐटीत. तिच्या घरी तो पाच वर्षं ओट्याखाली अंधारात होता.

"आम्ही इथंच राहतो, ताई," डबा म्हणाला. खुर्च्यांनी माना डोलावल्या.

ऋजुता उंबऱ्यात उभी राहिली. आजवर तिला फुलदाणीचा हेवा वाटला होता, जावेचा वाटला होता. डब्याचा पहिल्यांदाच वाटत होता.

"मग... मी आले तर?"

कलाक्कांनी स्टुलाकडे पाहिलं. "ते मी कोण सांगणार? रीतीप्रमाणं होऊ दे. जा, पोहे कर."

तिनं त्याच डब्यातले पोहे केले, पदर नीट केला आणि बशी स्टुलासमोर धरली.

"काम काय येतं?" स्टुलानं विचारलं.

"एम. ए. झालंय माझं."

"ते नव्हे. काम."

ऋजुतानं खाली पाहिलं. "पापड लाटायला शिकेन."

डबा दुसरीकडे बघत होता.

"कळवू."

ती घरी आली. श्रीरंगनं गॅलरीतून डोकं आत घातलं. "काय म्हणाले?"

"कळवतील," ती म्हणाली आणि दार उघडं ठेवून, कलाक्कांकडून दिसेल अशा बेतानं, फरशीवर बसून राहिली.