पांढरकुंडीचा अंधार

पांढरकुंडीच्या चुनखडीच्या गुहेचं नूतनीकरण झालं, तेव्हा आतला सगळा अंधार काढून शेजारच्या गोदामात ठेवण्यात आला. प्रमिलाबाई उरकुडेंना हे कळलं ते तिकीट काढून आत गेल्यावर.

आत लखलखाट होता. छतातून लोंबणाऱ्या सुळक्यांवर गुलाबी-हिरवे दिवे सोडलेले, खाली चकचकीत फरशी. एका खडकाखाली ‘गणपती’ अशी पाटी होती, दुसऱ्याखाली ‘फुलकोबी’.

"सुधारणा म्हणतात ती ही!" त्यांचे यजमान पद्माकरराव खूश होऊन म्हणाले.

प्रमिलाबाई मात्र फुलकोबीपाशी थबकल्या. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात दोघं इथं आली होती. नेमक्या याच जागी वाटाड्याचा कंदील विझला आणि त्या काळोखात नवऱ्यानं विचारलं होतं, "माझ्या घरी तू सुखी आहेस ना?" त्या तोंड उघडणार तोच वाटाड्याला काडेपेटी सापडली. पुढं मुलं झाली, घर बांधलं, नोकरी संपली. उत्तर तेवढं राहून गेलं. ते द्यायलाच त्या आज आल्या होत्या.

त्या तडक व्यवस्थापकांकडे गेल्या. झाडेसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर आहे तुमचं, बाई. अंधारात विचारलेल्याचं उत्तर उजेडात देता येत नाही."

"मग तो परत लावा की!"

"आता नाही लागत. भिंतींवरून खरवडून काढलाय. बराचसा सांडलासुद्धा. पण तुमच्या जागेचा असेल थोडा, बघू."

गोदामात अंधार थप्प्या लावून ठेवला होता. झाडेसाहेबांनी एक गठ्ठा ओढून काढला. प्रमिलाबाईंनी तो नाकाशी नेला. वटवाघळं आणि घासलेट. "हाच," त्या म्हणाल्या.

उलगडल्यावर तो जेमतेम एका माणसापुरता भरला.

"विचारणारा मी, तेव्हा मला द्या," पद्माकरराव म्हणाले.

"विचारायला काय लागतं? बोलायचं मला आहे," प्रमिलाबाई म्हणाल्या.

झाडेसाहेबांनी तोडगा काढला. दोघांनी नुसती डोकी आत घालावीत, बाकीचं शरीर उजेडात राहिलं तरी चालतं. तशी दोघं वाकून उभी राहिली. गोदामाच्या दारातून सहलीला आलेली काही मंडळी बघत होती, म्हणून झाडेसाहेबांनी दार लोटून घेतलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड केलं.

"तेव्हाचं सांगू का आत्ताचं?" आत प्रमिलाबाईंनी विचारलं.

"तेव्हाचं. आत्ताचं मला दिसतं."

"नव्हते."



"अजिबात?"

"तुमच्या आई मला नावानं हाकच मारायच्या नाहीत. ‘ए’ म्हणायच्या. आणि तुम्ही पेपर वाचत बसायचात."

"मला ऐकू यायचं," पद्माकरराव म्हणाले. "म्हणून तर पेपर तोंडासमोर धरायचो."

दोघांनी डोकी बाहेर काढली. पद्माकररावांचे डोळे लाल झाले होते. चष्मा पुसायचं निमित्त करून ते बाजूला झाले. प्रमिलाबाईंनी आभार मानून अंधाराची नीट घडी घातली आणि परत द्यायला हात पुढं केला. झाडेसाहेब दोन पावलं मागं सरले.

"आता नाही घेता येत, बाई. ज्यात बोलणं झालं तो अंधार साठ्यात ठेवला, तर बाकीचाही बोलायला लागतो. तुम्हालाच न्यावा लागेल. उन्हात वाळत मात्र घालू नका."

वरोऱ्याच्या एसटीत गर्दी होती. प्रमिलाबाईंनी सीटवर ठेवलेल्या पिशवीत कंडक्टरनं डोकावून पाहिलं.

"काय आहे हे, काकू?"

"अंधार आहे."

"मग सीटवर नका ठेवू. मांडीवर घ्या," तो म्हणाला आणि पुढच्या प्रवाशाकडे वळला.

अर्ध्या वाटेपर्यंत पिशवी प्रमिलाबाईंनी मांडीवर धरली. नंतर पद्माकररावांनी ती मागितली आणि आपल्या मांडीवर घेतली.